शिडाच्या नौकेची मऊ काच

दोन पावसाळे काढलेल्या रिक्षाचा पारदर्शक पडदा हात लावून बघा. नवा होता तेव्हा लुसलुशीत होता. आता कडक, पिवळट, घडीवर चिरलेला. शिडाच्या नौकेत सुकाणू धरणाऱ्याच्या डोक्यावर जे कॅनव्हासचं छत असतं, त्यात शिवलेल्या खिडक्या बहुतेक याच जातीच्या, म्हणजे पीव्हीसीच्या असतात. फक्त प्रत वरची आणि भाव कितीतरी जास्त.

अमेरिकेतले नाविक या खिडकीला अजून 'आयझिंग्लास' म्हणतात. ज्या बोतामुळे, म्हणजे पोटातल्या हवेच्या पिशवीमुळे, आपल्याकडे घोळ माशाला सोन्याचा भाव येतो, तसल्याच स्टर्जन माशाच्या बोताचं हे नाव. पुढे ते अभ्रकाच्या पातळ पत्र्यांना चिकटलं, आणि मग प्लास्टिकला.

निव्वळ पीव्हीसी कडक असतं, सांडपाण्याच्या पाइपासारखं. 1926 साली वाल्डो सेमन या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने ते उच्च उत्कलनबिंदूच्या द्रावकात तापवलं, तेव्हा हाती रबरासारखा लवचीक पदार्थ आला. द्रावकाचे रेणू लांबलचक साखळ्यांच्या मधे शिरतात आणि साखळ्या एकमेकींवरून घसरू लागतात. पण हे रेणू साखळीला रासायनिक बंधाने जोडलेले नसतात. भाडेकरूच ते. उन्हाने हळूहळू उडून जातात. तेल, सनस्क्रीन, अल्कोहोल त्यांना बाहेर ओढतात. म्हणून घरची काच पुसायचा अमोनियावाला फवारा इथे वर्ज्य, आणि सनस्क्रीन चोळलेल्या हातांनी खिडकी गुंडाळणंही.

पिवळेपणाची गोष्ट वेगळी. अतिनील किरणांनी साखळीतून हायड्रोजन क्लोराइड सुटतं आणि मागे एकाआड एक दुहेरी बंधांची रांग उरते. अशी रांग निळा प्रकाश शोषते. गाजराचा रंगही अशाच रांगेमुळे. मात्र एकदा पिवळी पडलेली खिडकी कितीही घासली तरी पुन्हा नितळ होत नाही.

विकत घेताना जाडी सगळेच विचारतात. साधारण पाऊण ते एक मिलिमीटर ठीक. मी आधी कापड दुकानदारासारखा तुकडा हातात घेईन, तिरका धरेन आणि त्यातून दूरची डोलकाठी बघेन. काठी लाटेसारखी वाकडी दिसली तर तो स्वस्त रोलमधला माल. गुळगुळीत पत्र्यांमध्ये दाबून काढलेल्या शीटमधून ती सरळ दिसते. नौकेची खिडकी तिरकीच बसते, त्यामुळे दुकानात जरासा वाटणारा दोष समुद्रावर डोकं दुखवतो. पॉलिकार्बोनेट हे कडक प्लास्टिक याहून स्वच्छ आणि दणकट, पण गुंडाळता येत नाही. शिवाय पोलराइज्ड गॉगल लावून पाहिलं तर त्यात इंद्रधनुषी पट्टे दिसू शकतात: ताणामुळे प्रकाशाचे दोन घटक वेगवेगळ्या वेगाने जातात, त्याची ही करामत. पाच मिनिटं मजेची, मग वैतागाची.

समुद्रावरून आल्यावर आधी गोड्या पाण्याची भरपूर धार, मगच मऊ कापड. कोरडं पुसलंत तर मिठाचे खडे कापडाखाली सँडपेपरासारखे फिरतात. छताचा धातूचा पाइप उन्हात तापून जिथे खिडकीला टेकतो, तिथे डागाचा पट्टा उमटतो. चांगला शिवणारा कारागीर त्या जागी कापडाची पट्टी टाकतो.

ओली खिडकी गुंडाळून ठेवली तर दुसऱ्या दिवशी ती दुधाळ दिसते. घाबरून पॉलिशची बाटली उघडू नका. प्लास्टिकने पाणी शोषलेलं असतं. उघडून उन्हात टांगली की बहुधा पुन्हा आरपार दिसू लागतं.