ब्राउझर नसलेली उपकरणे आणि सार्वजनिक वाय-फायचे लॉगिन पान : पार्श्वभूमी

हॉटेलच्या खोलीतील टीव्हीला स्ट्रीमिंग स्टिक लावून यादीतून तिथले वाय-फाय निवडले, की काही सेकंदांत 'जोडणी झाली' असा संदेश येतो आणि त्याच्याच खाली 'इंटरनेट उपलब्ध नाही' असेही दिसते. ही दोन्ही विधाने खरी असतात. त्याच खोलीत, त्याच वाय-फायवर फोन जोडला तर लॉगिनचे पान आपोआप समोर येते, खोलीचा क्रमांक आणि आडनाव भरले की पुढचा मार्ग मोकळा होतो. पुष्कळशा स्टिकना मात्र ते पान दाखवता येत नाही, कारण त्यांच्यात ब्राउझर नसतो. प्रिंटर, स्पीकर, स्मार्ट दिवे, पडद्याविना चालणारा रास्पबेरी पाय हा छोटा संगणक या सगळ्यांची हीच अडचण होते. दोष उपकरणाचा आहे असे वापरणाऱ्याला वाटते आणि तो उपकरण पुन्हा पुन्हा बंद-चालू करत बसतो. प्रत्यक्षात या अडचणीचे मूळ पंचवीस वर्षांपूर्वी घाईघाईने रूढ झालेल्या एका पद्धतीत आहे.

वाय-फायचे मूळ मानक १९९७ साली आले आणि १९९९ च्या सुधारित आवृत्तीनंतर ते लॅपटॉपमध्ये सर्रास दिसू लागले. विमानतळ, हॉटेले आणि कॉफीची दुकाने यांना ही सेवा ग्राहकांना द्यायची होती, पण येणारा प्रत्येक जण अनोळखी होता. त्याच्याकडून पैसे घ्यायचे, अटी मान्य करून घ्यायच्या आणि त्यासाठी त्याच्या संगणकावर कोणतेही सॉफ्टवेअर बसवायला लावायचे नाही, अशी ही तिहेरी गरज होती. त्या काळी वाय-फाय वापरणारे यंत्र म्हणजे लॅपटॉप आणि लॅपटॉप म्हटला की ब्राउझर हे गृहीतच होते. त्यामुळे वाय-फाय कोणालाही जोडता येईल असे खुले ठेवायचे आणि ग्राहकाने कोणतेही संकेतस्थळ उघडले, की त्याऐवजी आपले पान पुढे करायचे, ही युक्ती सर्वांना सोयीची वाटली. ती केवळ व्यापाऱ्यांची नव्हती. कॅलिफोर्नियातील सोनोमा परगण्यात हौशी मंडळींनी चालवलेल्या सामुदायिक वाय-फाय जाळ्यासाठी 'नोकॅटऑथ' नावाची मुक्त प्रणाली तयार झाली, तीही याच तत्त्वावर चालत असे. तिच्यात लॉगिननंतर ब्राउझरची एक छोटी खिडकी उघडी ठेवावी लागे आणि ती खिडकी ठरावीक वेळाने परवानगीचे नूतनीकरण करत राही. माणूस ब्राउझर उघडून समोर बसला आहे हे गृहीतक या पद्धतीत किती खोलवर रुजले होते, ते या एका खिडकीवरून लक्षात येते.

तंत्रज्ञांच्या भाषेत या व्यवस्थेला कॅप्टिव्ह पोर्टल म्हणतात. उपकरण वाय-फायला जोडले गेले, की त्याला जाळ्यातला रीतसर पत्ता म्हणजेच आयपी अ‍ॅड्रेस मिळतो, पण बाहेरचा रस्ता फायरवॉलने, म्हणजे ये-जा गाळणाऱ्या यंत्रणेने, अडवलेला असतो. उपकरणाने साध्या एचटीटीपीवर, म्हणजे कुलूप नसलेल्या जुन्या पद्धतीने, एखादे पान मागितले, की मधले यंत्र त्या संकेतस्थळाच्या नावाने स्वतःच उत्तर देते आणि ब्राउझरला लॉगिनच्या पानाकडे वळवते. तिथे माहिती भरली, की उपकरणाचा कारखान्यातच ठरलेला ओळखक्रमांक म्हणजेच मॅक अ‍ॅड्रेस परवानगीच्या यादीत जातो आणि ठरलेल्या मुदतीपुरते दार उघडते. परवानगी मिळते ती उपकरणाला, पण ती मागण्याचे काम मात्र माणसाने ब्राउझरमधून करायचे, अशी ही विभागणी आहे आणि पुढचे सगळे उपाय या फटीतूनच निघाले.

ब्राउझर नसलेल्या उपकरणाला आतून काय दिसते, हे जरा जवळून पाहण्यासारखे आहे. पडद्याविना ठेवलेल्या रास्पबेरी पायच्या बहुतेक मॉडेलांत वीज गेल्यावर वेळ जपून ठेवणारे घड्याळ नसते. चालू होताच तो इंटरनेटवरील वेळदर्शक सर्व्हरला वेळ विचारतो, पण ती विचारणा फायरवॉलपाशीच अडते. घड्याळ मागच्याच तारखेवर राहते. मग तो एखाद्या सर्व्हरशी सुरक्षित जोडणी करू पाहतो, तेव्हा एक तर उत्तरच येत नाही किंवा मधले यंत्र त्या सर्व्हरच्या नावाने ओळखीचे भलतेच डिजिटल प्रमाणपत्र पुढे करते, आणि सुरक्षिततेचे नियम पाळणारे सॉफ्टवेअर ते योग्य रीतीने नाकारते. 'तुला अजून परवानगी मिळालेली नाही' हे साधे वाक्य त्याला कोणीही सांगत नाही.

हे वाक्य यंत्राला समजेल अशा भाषेत सांगण्याचा पहिला गंभीर प्रयत्न फेब्रुवारी २००३ मध्ये झाला. वाय-फाय कंपन्यांच्या वाय-फाय अलायन्स या संघटनेच्या छत्राखाली तयार झालेल्या 'विस्पर' या शिफारशींत, लॉगिनच्या पानामध्येच माणसाला न दिसणारा, पण यंत्राला वाचता येणारा एक्सएमएलचा मजकूर ठेवावा आणि यंत्रातील सॉफ्टवेअरने तो वाचून नाव व पासवर्ड स्वतःच पाठवावा, अशी सोय सुचवली होती. एका हॉटस्पॉट कंपनीच्या ग्राहकाला दुसऱ्या कंपनीच्या ठिकाणीही सेवा मिळावी, हा त्यामागचा मुख्य हेतू होता. कल्पना चांगली होती, पण ती पाळायची की नाही हे प्रत्येक हॉटस्पॉट चालकाच्या मर्जीवर राहिले. शिवाय आधीपासूनचे खाते असेल तरच तिचा उपयोग होता. खोलीचा क्रमांक विचारणाऱ्या हॉटेलच्या पानापुढे ती निरुपयोगी होती.

त्यानंतर ब्राउझर नसलेली उपकरणे थेट बाजारात आली आणि त्यांच्या निर्मात्यांनी दाराच्या मालकाशीच बोलणी करण्याचा मार्ग धरला. निन्टेन्डोचा डीएस हा हातात धरून खेळायचा गेमचा संच वाय-फायसह विकला जात होता, पण त्यात ब्राउझर नव्हता; तो पुढे वेगळा विकत मिळू लागला. नोव्हेंबर २००५ मध्ये कंपनीने ऑनलाइन खेळाची सेवा सुरू केली, तेव्हा अमेरिकेतील मॅकडोनाल्ड्सच्या दुकानांत हॉटस्पॉट चालवणाऱ्या वेपोर्ट या कंपनीशी करार केला. परिणामी त्या दुकानांत बसलेल्या मुलांना कोणतेही पान न उघडता खेळता येऊ लागले. आय-फाय नावाचे कॅमेऱ्याचे मेमरी कार्ड तर याहून पुढचे होते. टपाल तिकिटाएवढ्या त्या कार्डात वाय-फाय होते, पण पडदा नव्हता आणि बटणही नव्हते. तरीही २००८ मध्ये वेपोर्टच्या हॉटस्पॉटवरून छायाचित्रे पाठवण्याची सोय त्याला मिळाली. हे दोन्ही दाखले मला महत्त्वाचे वाटतात, कारण जाळे चालवणाऱ्याने मनात आणले, तर ब्राउझरशिवाय परवानगी देण्यात तांत्रिक अडचण काहीच नव्हती, हे त्यांनी तेव्हाच सिद्ध केले होते. मात्र असा करार मोठी कंपनीच करू शकते. एकट्या ग्राहकाला तो मार्ग नव्हता.

पुढचे दशक ओळखण्याच्या तंत्रात गेले. विंडोज व्हिस्टापासून संगणक स्वतःच एका ठरलेल्या पत्त्यावरील छोटी फाइल मागून इंटरनेट खरेच आहे का हे तपासू लागला. आयफोन आणि अँड्रॉइड यांनीही तीच रीत उचलली. अपेक्षित उत्तराऐवजी वेगळेच काही आले, की फोन लॉगिनचे पान स्वतःहून उघडतो. एप्रिल २०१२ मध्ये इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेने ५११ हा एचटीटीपी संकेतांक जाहीर केला. त्याचा अर्थ 'जाळ्यात प्रवेशासाठी आधी ओळख पटवा' असा आहे, आणि ब्राउझर नसलेल्या सॉफ्टवेअरची फसगत होऊ नये हा हेतू त्या दस्तऐवजात स्पष्ट लिहिला आहे. याच काळात संकेतस्थळे झपाट्याने एचटीटीपीएसकडे, म्हणजे एचटीटीपीच्या सुरक्षित रूपाकडे, वळत होती. मधल्या यंत्राने दुसऱ्याच्या नावाने उत्तर देण्याचा जो प्रकार या सगळ्या पद्धतीचा पाया होता, तोच एचटीटीपीएसमध्ये फसवणूक म्हणून पकडला जातो. म्हणजे जुनी युक्ती ब्राउझरसाठीही डळमळीत होऊ लागली होती.

२०१५ मध्ये स्ट्रीमिंग उपकरणांच्या कंपन्यांनी आपापल्या परीने तोडगे काढले. अ‍ॅमेझॉनने फायर टीव्हीच्या उपकरणांत लॉगिनचे पान दाखवू शकेल एवढाच ब्राउझर बसवला, त्यामुळे रिमोटच्या बाणांनी एकेक अक्षर निवडत का होईना, पण फॉर्म भरता येऊ लागला. रोकूने वेगळी वाट धरली. त्यांचे उपकरण तात्पुरते स्वतःचे छोटे वाय-फाय सुरू करते, फोन त्याला जोडायचा आणि फोनच्या ब्राउझरमधून उपकरणाच्या वतीने लॉगिन करायचे. हॉटेलच्या जाळ्याला ती विनंती उपकरणाकडूनच आलेली दिसते, म्हणून परवानगीही उपकरणालाच मिळते. माझ्या मते आजवरच्या तोडग्यांत हा सर्वांत नेटका आहे.

भारतात या कहाणीला वेगळे वळण मिळाले आणि त्याचा संबंध थेट मुंबईशी आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत झालेल्या बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटे आधी आलेल्या धमकीच्या ई-मेलचा माग नवी मुंबईतील सानपाड्याच्या एका घरातील असुरक्षित वाय-फायपर्यंत पोहोचला. त्यानंतरचे ई-मेलही मुंबईतील अशाच वाय-फाय जोडण्यांवरून पाठवल्याचे तपासात उघड झाले. २३ फेब्रुवारी २००९ रोजी दूरसंचार विभागाने सूचना काढल्या आणि सार्वजनिक वाय-फाय वापरणाऱ्याची ओळख छायाचित्र असलेल्या ओळखपत्राने किंवा मोबाइलवर एसएमएसने पाठवलेल्या पासवर्डने पटवणे बंधनकारक झाले. जीव गमावलेल्या माणसांची आठवण ठेवून पाहिले, तर या नियमामागचे कारण कोणालाही पटेल. मात्र त्यामुळे अन्यत्र 'अटी मान्य आहेत' एवढे बटण दाबून भागते, तिथे आपल्याकडे मोबाइल क्रमांक आणि ओटीपी अनिवार्य झाले. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलपासून सुरू झालेले रेलटेल आणि गूगल यांचे स्थानकांवरील मोफत वाय-फाय असो किंवा त्यानंतर वर्षभराने मुंबईत सुरू झालेले राज्य सरकारचे हॉटस्पॉट असोत, प्रवेशाची रीत हीच राहिली. ज्या उपकरणात सिम नाही, पडदा नाही आणि ब्राउझरही नाही, त्याने ओटीपी कुठे घ्यायचा आणि कुठे भरायचा, याचा विचार त्या नियमांत नव्हता.

म्हणून प्रत्यक्षात लोक जे करतात ते बहुतेक हातचे उपाय आहेत. लॅपटॉपवर लॉगिन करून त्याचाच हॉटस्पॉट इतर उपकरणांना द्यायचा, किंवा प्रवासी राउटर बाळगून त्याच्या मागे घरची सगळी उपकरणे जोडायची. हॉटेलला मग एकच उपकरण दिसते. परदेशी विद्यापीठांच्या वसतिगृहांत गेलेल्या आपल्या मुलांना आणखी एक रीत शिकावी लागते. तिथे अनेक ठिकाणी उपकरणाचा मॅक अ‍ॅड्रेस आधी नोंदवायचा असतो. खोक्याच्या तळाशी चिकटवलेल्या पट्टीवरची बारीक छपाईतील बारा अक्षरे वाचून ती फॉर्ममध्ये भरायची, आणि त्यात आठ आणि बी किंवा शून्य आणि डी यांची गल्लत झाली, की चुकीच्या उपकरणाची नोंद होते. त्यात अँड्रॉइडच्या १० व्या आणि आयफोनच्या आयओएस प्रणालीच्या १४ व्या आवृत्तीपासून फोन प्रत्येक वाय-फायला वेगळा, कृत्रिम मॅक अ‍ॅड्रेस सांगतात. खासगीपणासाठी ते योग्यच आहे, पण मॅक अ‍ॅड्रेसलाच ओळख मानणाऱ्या व्यवस्थेचा आधार त्याने खिळखिळा केला.

लॉगिनचे पानच नको, अशा व्यवस्थाही उभ्या राहिल्या. विद्यापीठांसाठी २००३ पासून एड्युरोम आहे, तर २०१२ पासून वाय-फाय अलायन्सचे पासपॉइंट आहे. दोन्हींत उपकरणात साठवलेल्या ओळखीवर जोडणी आपोआप होते. परंतु त्यासाठी लागणारी पद्धत स्वस्त दिवे, स्पीकर आणि स्टिक यांत सहसा नसते. त्यांना घरचा साधा पासवर्डच समजतो.

आयईटीएफने डिसेंबर २०१५ मध्ये वेगळा मार्ग सुचवला. जाळ्याने आयपी अ‍ॅड्रेस देतानाच लॉगिनच्या पानाचा पत्ताही उपकरणाला उघडपणे सांगावा, म्हणजे कोणाच्या नावाने खोटे उत्तर द्यायला नको. त्यासाठी हे पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपी या पद्धतीतील १६० क्रमांकाचा पर्याय ठरला. मात्र पॉलीकॉमचे टेबलावरचे इंटरनेट फोन तोच क्रमांक स्वतःच्या कामासाठी आधीपासून वापरत होते. तो गोंधळ टाळण्यासाठी सप्टेंबर २०२० च्या सुधारित मानकात ११४ हा क्रमांक घेतला गेला. त्याच महिन्यात आलेल्या जोडमानकामुळे आपल्याला अजून अडवलेले आहे का आणि परवानगीची मुदत किती उरली आहे, हे उपकरणाला थेट विचारता येते. २००३ पासून राहून गेलेले ते साधे वाक्य अखेर मानकात आले. मात्र दोन महिन्यांनी प्रसिद्ध झालेल्या या रचनेच्या मुख्य दस्तऐवजात तूर्त फक्त वेब ब्राउझर असलेल्या उपकरणांचाच विचार केला आहे, असे नमूद आहे. भारतात त्यानंतर महिन्याभरात, ९ डिसेंबर २०२० रोजी, केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या पीएम-वाणी या सार्वजनिक वाय-फाय योजनेत ओळख पटवण्याचे काम फोनमधील अ‍ॅपकडे दिले आहे.