व्याकरणिक लिंग आणि नामवर्ग

भाषेतल्या नामांचे गट पाडून त्या गटाप्रमाणे वाक्यातल्या इतर शब्दांची रूपे बदलण्याची व्यवस्था म्हणजे व्याकरणिक लिंग किंवा नामवर्ग. गट दोन-तीन असले आणि त्यांत स्त्री-पुरुष भेदाला जागा असली की 'लिंग' म्हणायचे, गट बरेच असले की 'नामवर्ग', हा अभ्यासकांचा रिवाज झाला. मूळ व्यवस्था एकच आहे.

नाम कोणत्या गटातले हे पाहायचे असेल तर नामाकडे नव्हे, त्याच्या शेजाऱ्यांकडे पाहावे लागते. मराठीत 'बोट' एवढेच ऐकून हाताचा अवयव की पाण्यावरचे वाहन हे सांगता येत नाही. 'माझं बोट कापलं' आणि 'माझी बोट चुकली' म्हटले की शंका उरत नाही, आणि ती दूर करतात विशेषण व क्रियापद. 'माझा वेळ गेला' आणि 'जायची वेळ झाली' यांत तर एकच शब्द लिंग बदलून अर्थाची छटा बदलतो. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स हॉकेट यांनी १९५८ साली केलेल्या व्याख्येचा आशय हाच: सोबतच्या शब्दांच्या वागण्यातून दिसणारे नामांचे वर्ग म्हणजे लिंग. त्यामुळे सिंह-सिंहीण अशा जोड्या असणे पुरेसे ठरत नाही. बंगालीत तशा जोड्या आहेत, पण कर्ता पुरुष असो वा स्त्री, क्रियापद जसेच्या तसे राहते. म्हणून बंगाली लिंगरहित भाषांत मोडते. तुर्की, फिनिश आणि हंगेरियन तर 'तो' आणि 'ती' यांसाठीही एकच सर्वनाम वापरतात.

ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ ग्रेव्हिल कॉर्बेट यांनी जगातल्या भाषांच्या रचना दाखवणाऱ्या नकाशासंग्रहासाठी तपासलेल्या २५७ भाषांपैकी १४५ भाषांत लिंग आढळले नाही. ५० भाषांत दोन, २६ भाषांत तीन, १२ भाषांत चार आणि २४ भाषांत पाच किंवा अधिक वर्ग होते. ज्या ११२ भाषांत वर्ग आहेत त्यांपैकी ८४ भाषांत गटवारीचा पाया स्त्री-पुरुष भेद आहे, उरलेल्या २८ भाषांत सजीव-निर्जीव किंवा तशाच प्रकारचा दुसरा भेद.

वर्ग ठरवण्यात अर्थाचा वाटा सगळीकडे असतो. निव्वळ शब्दाच्या रूपावर चालणारी व्यवस्था कुठे आढळलेली नाही. तमिळमध्ये तर अर्थच सर्व काही ठरवतो. माणसे आणि देव 'उयर्तिणै' म्हणजे वरच्या वर्गात, बाकी सारे 'अःरिणै'त. तेलुगूची विभागणी जास्त चमत्कारिक आहे. एकवचनात पुरुष एकीकडे, आणि स्त्रिया, प्राणी व वस्तू दुसरीकडे. अनेकवचनात मात्र स्त्रिया पुरुषांच्या पंक्तीला येतात. हुंझा खोऱ्यातल्या बुरुशास्कीत पुरुष, स्त्रिया, प्राणी व मोजता येणाऱ्या वस्तू, आणि न मोजता येणारे पदार्थ व कल्पना असे चार वर्ग आहेत. तिथे सफरचंद तिसऱ्या वर्गात जाते आणि सफरचंदाचे झाड चौथ्यात, शब्द एकच असूनही. पापुआ न्यू गिनीतल्या अलाम्ब्लाकमध्ये प्राणी आणि वस्तू यांचा आकार पाहतात: लांब, उंच, सडपातळ ते पुल्लिंगी आणि बुटके, रुंद, बसके ते स्त्रीलिंगी. उत्तर अमेरिकेतल्या ओजिब्वेत सजीव-निर्जीव असा भेद आहे, पण दगड सजीव आहे. रासबेरी सजीव आणि स्ट्रॉबेरी निर्जीव का, याला पटण्याजोगे उत्तर मिळत नाही.

या बाबतीत सर्वांत गाजलेली भाषा म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या उत्तर क्वीन्सलँडमधली जिरबल. भाषाशास्त्रज्ञ आर. एम. डब्ल्यू. डिक्सन यांनी १९६० च्या दशकात तिचा अभ्यास सुरू केला तेव्हा तिच्यात चार वर्ग होते. पहिल्यात पुरुष आणि बहुतेक प्राणी. दुसऱ्यात स्त्रिया, पाणी, अग्नी, लढाई आणि बहुतेक पक्षी. तिसऱ्यात खाण्याजोग्या वनस्पती. चौथ्यात उरलेले सगळे. वरवर ही अडगळ वाटते, पण डिक्सन यांना तिच्यात धागे सापडले. पक्षी दुसऱ्या वर्गात, कारण ते मृत स्त्रियांचे आत्मे मानले जातात. पुराणकथेत सूर्य ही पत्नी आणि चंद्र हा पती, म्हणून सूर्य दुसऱ्या वर्गात आणि चंद्र पहिल्यात. अग्नी सूर्याच्या नात्याने दुसऱ्यात आला. एका सुरवंटाचा डंख उन्हाच्या चटक्यासारखा झोंबतो, तर तोही सूर्याच्याच वर्गात. मासे पहिल्या वर्गात असल्याने मासे धरायचा गळही तिथेच गेला. स्त्रिया आणि अग्नी एका वर्गात पाहून 'हे लोक स्त्रियांना धोकादायक समजतात' असा निष्कर्ष पुष्कळांनी काढला आहे. तो उथळ आहे: एका कडीला दुसरी कडी जोडत शब्द वर्गात येतात, सर्वांना एकच गुण लागू होत नाही. ऑस्ट्रेलियातल्याच गुर-गोनी भाषेत विमान वनस्पतींच्या वर्गात जाऊन बसले आहे. लाकडाच्या होड्या त्या वर्गात होत्या, आणि त्यांच्या मागोमाग इतर वाहने आली असावीत.

जिथे अर्थ थांबतो तिथे रूप पुढे येते. रशियनमध्ये व्यंजनान्त नाम बहुधा पुल्लिंगी आणि 'आ'कारान्त बहुधा स्त्रीलिंगी. तरी 'द्याद्या' म्हणजे काका हा शब्द 'आ'ने संपूनही पुल्लिंगीच राहतो. मराठीत 'ई'कारान्त शब्द स्त्रीलिंगी असण्याकडे कल आहे, पण हत्ती, माळी आणि मोती पुल्लिंगी, तर पाणी नपुंसकलिंगी. परभाषेतून आलेल्या शब्दाला लिंग द्यावेच लागते, आणि ते कोणी ठरवून देत नाही. बस, कार, सायकल, ट्रेन या सगळ्या बहुधा 'गाडी'मुळे स्त्रीलिंगी झाल्या. ट्रक मात्र पुल्लिंगी राहिला.

आफ्रिकेतल्या बांटू भाषांत वर्गाचे चिन्ह शब्दाच्या सुरुवातीला लागते आणि वाक्यभर फिरते. १९व्या शतकात जर्मन भाषाशास्त्रज्ञ विल्हेल्म ब्लीक यांनी या वर्गांना क्रमांक दिले, आणि तीच पद्धत पुढे वाढवून आजही वापरतात. स्वाहिलीत 'मोठं पुस्तक पडलं' हे 'किताबू किकुब्वा किमेआंगुका' असे होते आणि अनेकवचनात 'विताबू विकुब्वा विमेआंगुका'. यातला किताब अरबी आहे. त्यातला 'कि' मुळात शब्दाचाच भाग. स्वाहिली बोलणाऱ्यांनी तो 'कि' वर्गाचा उपसर्ग धरला आणि अनेकवचनात 'वि' केला. उलट 'किबोको' म्हणजे पाणघोडा 'कि'ने सुरू होऊनही प्राणी असल्याने विशेषण-क्रियापदे माणसांच्या वर्गाची घेतो.

अर्थ आणि रूप यांची ओढाताण एकाच वाक्यातही दिसते. 'मेडशेन' म्हणजे मुलगी हा जर्मन शब्द लघुत्वदर्शक प्रत्ययामुळे नपुंसकलिंगी आहे, तरी पुढे सर्वनाम येते तेव्हा ते अनेकदा स्त्रीलिंगी असते. मराठीतही 'एक अनोळखी व्यक्ती आली आणि त्याने दार वाजवलं' असे लोक सहज बोलतात. शब्द नामापासून जितका लांब, तितका तो अर्थाकडे झुकण्याचा संभव जास्त, असा नियम कॉर्बेट यांनी अनेक भाषांच्या आधारे मांडला आहे.

व्याकरणातले लिंग आणि प्रत्यक्षातला स्त्री-पुरुष भेद यांचा मेळ बसत नाही हे संस्कृत वैयाकरणांनी फार पूर्वी ओळखले होते. 'पत्नी' या एकाच अर्थासाठी 'भार्या' स्त्रीलिंगी, 'दार' पुल्लिंगी आणि तेही बहुवचनी, तर 'कलत्र' नपुंसकलिंगी. पाणिनीच्या 'स्त्रियाम्' या सूत्रावर लिहिताना पतंजलीने आधी स्तन-केश वगैरे शारीरिक खुणांची लौकिक व्याख्या दिली आणि लगेच विचारले, मग खट्वा आणि वृक्ष यांचे काय? खाटेवर आणि झाडावर तशा खुणा कुठून येणार? त्याच्या महाभाष्यातला निर्वाळा असा की लिंग लोकव्यवहारावर अवलंबून असते, म्हणून ते शिकवत बसण्याचे कारण नाही. व्यवहारात मात्र शिकवावे लागलेच: अमरकोशाचे खरे नाव 'नामलिंगानुशासन', म्हणजे नामे व त्यांची लिंगे शिकवणारा ग्रंथ, असे आहे.

चिनी आणि जपानी भाषांतले वर्गक, म्हणजे वस्तू मोजताना संख्येसोबत घालायचे शब्द, ही वेगळी गोष्ट. चिनीत नदी, रस्ता, साप अशा लांब वस्तू मोजताना संख्येनंतर 'त्याओ' हा शब्द घालतात, पण विशेषण किंवा क्रियापद बदलत नाही.

लिंगाचा उपयोग काय, यावर एकमत नाही. कोण कशाबद्दल बोलतो आहे याचा माग ठेवायला ते मदत करते हे उघड आहे. जर्मन आणि स्पॅनिश बोलणारे लोक आपापल्या भाषेतल्या लिंगाप्रमाणे पूल, किल्ली अशा वस्तूंना नाजूक किंवा दणकट अशी विशेषणे देतात, असा एका प्रयोगाचा दावा बराच गाजला. नंतरच्या प्रयोगांत तसा निकाल मिळाला नाही, तेव्हा त्यावर इमले बांधू नयेत.

लिंगे येतात, मिसळतात आणि जातातही. संस्कृत, इंग्रजी ज्यात येतात त्या इंडो-युरोपियन कुळातल्या प्राचीन हित्ती भाषेत सजीवांचे व निर्जीवांचे असे दोनच वर्ग होते. या कुळात स्त्रीलिंग नंतर वेगळे झाले असे सामान्यतः मानतात. संस्कृतची तीन लिंगे मराठी, गुजराती आणि कोकणी यांनी टिकवली, हिंदी-पंजाबीने दोन केली आणि बंगाली, असमिया, ओडियाने सोडून दिली. कोकणीत तरुण मुलीसाठी 'तें' हे नपुंसकलिंगी सर्वनाम चालते. स्वीडिश आणि डॅनिशमध्ये जुनी पुल्लिंग-स्त्रीलिंगे एक झाली. इंग्रजीत शब्दान्त झिजत गेले आणि मध्ययुगातच नामांचे लिंग संपले, सर्वनामांपुरते उरले. जिरबलमध्ये हा बदल एका-दोन पिढ्यांत झाला. १९८० च्या सुमारास तरुणांच्या बोलीत पहिल्या वर्गात पुरुष व प्राणी, दुसऱ्यात स्त्रिया आणि चौथ्यात बाकी सगळे एवढेच शिल्लक होते. सूर्य, पक्षी आणि सुरवंट यांना जोडणाऱ्या कथा त्यांच्यापर्यंत पुरेशा पोचल्या नव्हत्या.