नाक : वाक्प्रचार आणि टोपणनावे

मराठीत ‘नाक’ या शब्दाभोवती जमलेले वाक्प्रचार, म्हणी व टोपणनावे मुख्यतः अब्रू, अहंकार आणि कोंडी या अर्थांची आहेत. हा शब्द प्राकृत ‘णक्क’वरून आला आहे. नाक मुरडणे, नाक खुपसणे, नाक घासणे, नाकाने कांदे सोलणे, नाक दाबले की तोंड उघडते हे प्रयोग सर्वपरिचित आहेत.

टोपणनावांपैकी ‘नकटा’ हे विशेष विचार करण्याजोगे आहे. आज बसक्या नाकाच्या माणसाला नकटा म्हणतात आणि ठाण्यातील मराठी घरांत तान्ह्या बाळाला लाडाने ‘नकटू’ही म्हटले जाते, परंतु ‘नाक’ आणि ‘कटणे’ अशी फोड केल्यास मूळ अर्थ ‘नाक कापलेला’ असा निघतो व हिंदीत तो अद्याप टिकून आहे. ‘चोरटा’ याप्रमाणे येथेही ‘टा’ हा केवळ हीनत्वदर्शक प्रत्यय मानता येईल. तथापि पहिली फोड अधिक ग्राह्य वाटते, कारण नाक छाटण्याची शिक्षा या देशात प्रत्यक्षात दिली जात होती. कौटिलीय अर्थशास्त्रात तिचा उल्लेख आहे आणि सुश्रुतसंहितेत गालाच्या त्वचेने तुटलेले नाक पुन्हा घडवण्याची कृती दिलेली आहे. टिपूविरुद्धच्या युद्धात, 1792 च्या सुमारास, इंग्रज सैन्यातील कावसजी नावाच्या बैलगाडीवानाचे नाक कापले गेले आणि पुण्याजवळ, वीटकाम करणाऱ्या जातीतील एका वैद्याने कपाळाच्या त्वचेपासून त्याचे नवे नाक तयार केले. ही हकिकत 1794 मध्ये लंडनच्या एका मासिकात छापून आली. ‘नाक कापणे’ म्हणजे अब्रू घालवणे, हा अर्थ त्यामुळे निव्वळ आलंकारिक ठरत नाही. ‘नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्ने’ या म्हणीतील नकटीही बहुधा केवळ चपट्या नाकाची नसावी.

याउलट ‘नाकेला’, ‘चाफेकळी नाक’ हे प्रयोग कौतुकाचे आहेत. शेंबड्या, गेंगाण्या ही नावे मुलांच्या तोंडी असतात. ‘नथू’ हे नाव, आधीची अपत्ये न जगल्यामुळे नाक टोचून नथ घातलेल्या मुलावरून रूढ झाले.

‘नाकी नऊ येणे’ याचा संबंध सामान्यतः देहाच्या नऊ द्वारांशी, म्हणजे सारा जीव नाकाशी येऊन अडकण्याशी, जोडला जातो.

‘नाका’ हा शब्द ‘नाक’पासून निघाला, की हिंदीतून तयार आला, याबद्दल एकवाक्यता नाही. पुढे आलेले टोक, वाटेचे तोंड या अर्थांवरून दोन्ही शब्दांचे मूळ एक असावे, असे मानणे सयुक्तिक दिसते. ठाण्यातील तीन हात नाका, कापूरबावडी नाका किंवा नवी मुंबईतील तुर्भे नाका येथे आज तो बहुतांशी ‘चौक’ या अर्थाने वापरला जातो. जकात वसुली संपली, ऑक्टोबर 2024 पासून आनंदनगर, मुलुंड, ऐरोली, वाशी आणि दहिसर येथे हलक्या वाहनांचा पथकरही माफ झाला, तरी शब्द टिकून आहे. सकाळी रोजंदारीच्या कामासाठी चौकात जमणारे मजूर ‘नाका कामगार’ म्हणून ओळखले जातात आणि पोलिसांच्या रस्ताबंद तपासणीला ‘नाकाबंदी’ हेच नाव आहे.