फुगा हरवला त्या दिवशीचा वारा

आखाडात मिरकरवाडा बंदरातल्या होड्या किनाऱ्याला लागलेल्या असतात. समजा, एखाद्या तांडेलानं समुद्रावर गेला त्या-त्या दिवशी वाऱ्याचा जोर वहीत टिपला आणि वर्षाअखेर सरासरी काढली. नोंदी खऱ्या, बेरीज बिनचूक. तरी त्या वहीतला समुद्र खऱ्यापेक्षा शांत निघेल. वादळी दिवसांची पानं कोरीच ना!

आपल्या डोक्यावरच्या हवेच्या नोंदींचंही तेच होतं. मुंबईत सांताक्रूझहून आणि खाली पणजीहून हवामान खातं फुगे सोडतं. जगभर यासाठी दोन वेळा ठरलेल्या आहेत, आपल्याकडे पहाटे आणि संध्याकाळी साडेपाच. फुग्याला लटकवलेला रेडिओसोंड तापमान, आर्द्रता, दाब कळवत मिनिटाला सुमारे ३०० मीटर चढतो. तो कसा वाहत जातो त्यावरून वारा कळतो. सगळं सुरळीत झालं तर फुगा ३० किलोमीटरच्या आसपास फुटतो.

पावसाळ्यात त्याची वाट मोठी वळणाची. खालचा पश्चिमेचा वारा त्याला सह्याद्रीकडे ढकलतो. साधारण ६-७ किलोमीटरच्या वर वारा उलटतो आणि फुगा पुन्हा समुद्राकडे निघतो. १४ ते १६ किलोमीटरवर पूर्वेकडून येणारा झोत, ताशी १०० किलोमीटरहून जास्त वेगाचा. त्याच्या वरच्या अंगाला उणे ८० अंशांच्या आसपास थंडी. तिथे रबर ताठरतं आणि फुगा अवेळी फुटू शकतो. फार लांब वाहत गेला, तर क्षितिजाशी टेकतो आणि संदेश तुटतो. जोराचा वारा अशी स्वतःचीच नोंद पुसून टाकतो. पूर्वी साधा फुगा सोडून थिओडोलाइटच्या दुर्बिणीतून डोळ्यांनी त्याचा माग काढत. तो ढगात शिरला की नोंद संपली, आणि कोकणात जुलैचे ढग किती खाली उतरतात हे काय सांगायचं!

आता हिशेब पाहा. समजा, महिन्यात २० दिवस वारा ताशी ४० किलोमीटर होता आणि १० दिवस ७०. खरी सरासरी ५०. पण ते १० दिवसच गळाले, तर उत्तर येतं ४०. महिन्यात ११ किंवा अधिक दिवस, किंवा सलग ५ दिवस कोरे असतील तर सरासरी काढू नये, असं जागतिक हवामान संघटनेची २०१७ ची मार्गदर्शिका सांगते. नियम चांगला आहे; पण आपले १० दिवस महिनाभर विखुरलेले असतील, तर ते या चाळणीतून सहज निसटतात. किती दिवस गेले हे मोजणं सोपं. ते कोणत्या हवेचे होते, हे शोधणं मला जास्त मोलाचं वाटतं.

काळाची तुलना करताना तर हे फारच अडतं. जुन्या दशकांत झोताच्या दिवशी फुगे हरवत होते आणि पुढे चांगले फुगे, जीपीएसची उपकरणं आल्यावर तेच दिवस नोंदीत येऊ लागले, असं समजा. आलेखात वारा वाढलेला दिसेल. वर आकाशात तो होता तेवढाच असेल.