सिसॉपचा हात आपल्या डिस्कपर्यंत पोचत नव्हता

आर्वीकडे कॉम्प्युटर शिकलेल्यांकडून अजूनही ऐकतो: डायल-अप बुलेटिन बोर्डाला (निरोप आणि फाइली ठेवलेला, फोनलाइनवरून जोडायचा दुसऱ्याचा कॉम्प्युटर) फोन लावला की तिथला सिसॉप, म्हणजे बोर्ड चालवणारा, हुकूम देऊन आपल्या फाइली पुसायचा. हे चूक आहे. १९७८ मध्ये शिकागोत पहिला बोर्ड सुरू झाला, तेव्हापासून सिसॉपचे हुकूम त्याच्याच मशीनवर चालत. आपल्या कॉम्प्युटरवरचा टर्मिनल प्रोग्राम, म्हणजे बोर्डाशी जोडून देणारा प्रोग्राम, फक्त अक्षरं पाठवायचा आणि आलेली दाखवायचा. डीपीवरून लाइनमन वावरातली मोटर बंद करू शकतो, घरातलं कपाट उघडू शकत नाही, तसंच हे. फाइली गेल्याच, तर बहुतेक वेळा बोर्डावरून उतरवलेला व्हायरसवाला प्रोग्राम आपणच चालवलेला असायचा.

बोर्डावर मात्र त्याचंच राज्य. आपण टाइप केलेलं अक्षर न् अक्षर त्याच्या पडद्यावर दिसे. मध्येच गप्पा सुरू करणं, अधिकार घटवणं, लाइन तोडणं त्याच्या हाती. बहुतेक बोर्डांवर खासगी निरोपही त्याला वाचता येत.