त्वचेचा क्षय : उशिरा पटलेली ओळख

क्षयाचे जंतू फुफ्फुसाखेरीज त्वचेतही घर करतात, हे वैद्यकाला उशिरा उमगले. आजार मात्र जुनाच होता. मानेवर येणाऱ्या गंडमाळा आणि पिकून फुटणारी अपची यांचे वर्णन आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत आहे, तर युरोपात अशा गाठींवर राजाच्या हस्तस्पर्शाचा उतारा मानला जाई. चेहरा कुरतडत नेणाऱ्या ल्युपस या त्वचारोगाचा क्षयाशी संबंध आहे की नाही, यावर दीर्घकाळ वाद होता. १८८२ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू दाखवला आणि पुढे ल्युपसच्या ऊतींतही तो सापडला, तेव्हा कुठे नाते जुळले. ल्युपसवरील प्रकाशोपचारासाठी डेन्मार्कच्या नील्स फिन्सेन यांना १९०३ चे नोबेल मिळाले. आजार हमखास बरा होऊ लागला तो मात्र स्ट्रेप्टोमायसिन आणि १९५२ नंतर आयसोनियाझिड ही औषधे आल्यावर.

मराठवाड्यात निदानाची सोय त्याहून उशिराची. १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असलेल्या या भागात औरंगाबादचे ‘घाटी’ म्हणून ओळखले जाणारे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय १९५६ साली आणि अंबाजोगाईचे वैद्यकीय महाविद्यालय १९७४ साली सुरू झाले. त्वचेच्या क्षयात जंतू इतके तुरळक असतात की बहुधा त्वचेचा तुकडा काढून तपासावा लागतो, आणि ते गावच्या दवाखान्यात होत नाही. ल्युपसचा चट्टा एका कडेने पसरतो व मागे पातळ व्रण ठेवतो. त्यावर काचपट्टी दाबली की लाली ओसरून पिवळसर तपकिरी ठिपके दिसतात. युरोपात तो बहुधा चेहऱ्यावर, आपल्याकडे पुष्कळदा नितंबांवर किंवा पायांवर येतो, त्यामुळे कपड्याआड राहतो आणि नायटा समजून वर्षानुवर्षे मलम चोळले जाते.

त्याहून घातक गफलत कुष्ठरोगाशी होते. क्षयावरही दिले जाणारे रिफॅम्पिसिन हे औषध कुष्ठरोगाच्या उपचारात महिन्यातून एकदाच असते. क्षयाच्या रुग्णाला ते तसे मिळाले तर आजार हटत नाही, उलट जंतू त्या औषधाला दाद देईनासे होण्याची भीती असते.

क्षयाचा नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा, आणि बीडकडच्या ऊसतोड मजुरांचा हंगामही साधारण तेवढाच. ‘निक्षय’ या क्षयरुग्णांच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीतील नोंद आता दुसऱ्या जिल्ह्यात वर्ग करता येते, त्यामुळे कारखान्याच्या परिसरातल्या आरोग्य केंद्रातून गोळ्या चालू ठेवता येतात, अर्थात चट्ट्याचे निदान टोळी निघण्यापूर्वी झालेले असेल तर.