गांजा पुरवणारा की काळजी घेणारा?

अमेरिकेतल्या वैद्यकीय गांजाच्या कायद्यांत ‘केअरगिव्हर’ हा शब्द पावलोपावली भेटतो. रुग्ण अंथरुणाला खिळलेला असतो, कधी तो लहान मूल असतो. अशा वेळी त्याच्या वतीने गांजा आणायची, जवळ बाळगायची आणि त्याला द्यायची मुभा ज्याला असते तो केअरगिव्हर. आपल्याकडे ‘काळजीवाहू’ म्हटलं की राजीनामा दिलेला मुख्यमंत्रीच डोळ्यांपुढे येतो, म्हणून इंग्रजी शब्दच ठेवलेला बरा. या शब्दाचा अर्थ गेल्या तीस वर्षांत इतका ताणला आणि आवळला गेलाय की त्यावरून कोर्टकज्जे झाले.

पाश्चात्त्य वैद्यकाला गांजाची ओळख नीट झाली ती भारतातून. विल्यम ओशॉनेसी या डॉक्टरने १८३९ मध्ये कलकत्त्यात धनुर्वात, पटकी आणि आकडी आलेल्या रुग्णांवरचे आपले प्रयोग मांडले. पुढे अमेरिकेच्या अधिकृत औषधसूचीत गांजाचा अर्क दाखल झाला. १९३७ मध्ये त्यावर जबर कर बसला, मग सूचीतून नाव गेलं आणि १९७० च्या कायद्याने गांजा हेरॉइनच्या पंगतीला जाऊन बसला.

खरी गोष्ट सुरू होते १९८०च्या दशकातल्या सॅन फ्रान्सिस्कोत. एड्सवर तेव्हा औषध नव्हतं. पोरं वाळून काटक्या होत होती, अन्न पोटात ठरत नव्हतं. गांजाने मळमळ थांबते, भूक लागते, हे रुग्णांनी एकमेकांना सांगितलं. मेरी रॅथबन नावाची एक वयस्कर वेट्रेस घरी गांजा घातलेल्या ब्राउनी भाजून विकायची. १९८१ मध्ये तिला अटक झाली आणि शिक्षा म्हणून समाजसेवा करायला लावली. त्या कामातून ती एड्सच्या रुग्णांपर्यंत पोचली आणि त्यांच्यातलीच झाली. सॅन फ्रान्सिस्को जनरल हॉस्पिटलच्या वॉर्ड ८६ मध्ये ती स्वयंसेवक होती, रुग्णांना ‘माझी पोरं’ म्हणायची. १९९२ मध्ये तिला पुन्हा पकडलं, आणि त्याच वर्षी शहराने २५ ऑगस्ट हा ‘ब्राउनी मेरी दिवस’ जाहीर केला! पोलीस एकीकडे, नगरपालिका दुसरीकडे. केअरगिव्हर हा शब्द कायद्यात यायच्या आधीचा केअरगिव्हर पाहायचा असेल तर तो हा.

तिचा मित्र डेनिस पेरॉन. त्याचा जोडीदार जोनाथन वेस्ट १९९० मध्ये एड्सने गेला. पेरॉनने रुग्णांसाठी गांजाचा क्लब काढला आणि १९९६ च्या नोव्हेंबरात कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी वैद्यकीय गांजाला मुभा देणारा ‘प्रस्ताव २१५’ सुमारे ५६ टक्के मतांनी मंजूर केला. त्यातली व्याख्या मोजक्या शब्दांची होती: रुग्णाने नेमलेली आणि त्याच्या निवाऱ्याची, आरोग्याची किंवा सुरक्षिततेची जबाबदारी सातत्याने घेतलेली व्यक्ती. प्रशिक्षण नाही, परीक्षा नाही.

ती व्याख्या ताणायला पहिला पुढे आला तो पेरॉनच. आपला क्लब हजारो सदस्यांचा केअरगिव्हर आहे, असा त्याचा दावा. १९९७ मध्ये अपील कोर्टाने तो फेटाळला: सदस्यांना माल विकणारं दुकान केअरगिव्हर होत नाही. नंतर २००८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘मेंच’ खटल्यात आणखी खुंटा बळकट केला. गांजा पुरवण्याआधीपासून, निदान त्याच वेळेपासून, आणि त्या पुरवठ्याव्यतिरिक्तही तुम्ही रुग्णाची देखभाल करत असाल, तरच तुम्ही केअरगिव्हर. मला हा निकाल पटतो. औषधाच्या दुकानदाराला आपण नर्स म्हणत नाही.

त्याच सुमारास मिशिगनने मात्र उलटी वाट धरली. २००८ मध्ये ६३ टक्के मतांनी आलेल्या तिथल्या कायद्यात केअरगिव्हर म्हणजे जवळजवळ शेतकरीच: २१ वर्षं पूर्ण, अमली पदार्थांचा गंभीर गुन्हा नावावर नको, जास्तीत जास्त ५ रुग्ण आणि प्रत्येकासाठी १२ रोपं. रुग्णाचं पथ्यपाणी पाहायची अट नाही. दुकानांना परवाने नव्हते त्या काळात रुग्णांची सोय यामुळेच झाली, हेही खरं.

या सगळ्यावर केंद्राची टांगती तलवार होतीच. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या ‘रायच’ खटल्यात एका आजारी बाईसाठी दोन केअरगिव्हर फुकट गांजा पिकवत होते. विक्री नाही, पैसा नाही. तरीही २००५ मध्ये ६ विरुद्ध ३ मतांनी निकाल लागला, की केंद्राचा बंदीकायदा त्यांनाही लागू करता येतो.

केअरगिव्हरने प्रमाणपत्र घ्यायचं, ही अट दिसते ती फ्लोरिडात. तिथे २०१४ मध्ये वैद्यकीय गांजाच्या प्रस्तावाला बहुमत मिळूनही ६० टक्क्यांची अट पुरी झाली नाही. २०१६ मध्ये तो ७१ टक्क्यांनी पार पडला. २०१७ च्या कायद्याने केअरगिव्हरवर आरोग्य खात्याचा अभ्यासक्रम पुरा करण्याची अट घातली. तो दर दोन वर्षांनी पुन्हा करायचा आणि फी १०० डॉलरपेक्षा जास्त नाही. पार्श्वभूमीची तपासणीही होते, जवळच्या नातलगाला मात्र त्यातून सूट. रुग्णाकडून झालेला खर्च घेता येतो, मेहनताना नाही. आणि घरी एक रोपही लावायचं नाही. मिशिगनचा केअरगिव्हर लावतो, फ्लोरिडाचा फक्त आणतो आणि देतो.

भारतात १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा अशी कुणी मधली व्यक्ती ओळखतच नाही. पण अमेरिकेत व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर असलेल्या, आईवडिलांसाठी केअरगिव्हरचं कार्ड, म्हणजे राज्याचं ओळखपत्र, काढू पाहणाऱ्या मराठी मुलामुलींना एक गोष्ट माहीत हवी. तिथल्या नागरिकत्व खात्याने एप्रिल २०१९ मध्ये स्पष्ट केलं, की राज्यात कायदेशीर असलेला गांजाचा व्यवहारसुद्धा नागरिकत्वाच्या अर्जात ‘सद्वर्तना’च्या आड येऊ शकतो. म्हणून अशा घरांत कार्ड काढण्याआधी स्थलांतराच्या वकिलाला विचारलेलं बरं.